हनुमंत बापूंची जोडपत्रं

वेल्ह्याच्या कचेरीसमोर एक जांभळाचं झाड होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं. पण चाळिशीच्या पुढची माणसं अजूनही "जांभळाखाली भेटू" असं म्हणतात आणि बरोबर त्याच जागी येऊन उभी राहतात. त्या झाडाखाली एक टेबल, टेबलावर टाइपरायटर आणि टाइपरायटरमागे हनुमंत बापू, हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना झाडापेक्षा बापूच जास्त आठवतात. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळा तालुका आपल्याच भरवशावर चाललाय. खरं सांगायचं तर निम्मा तालुका चालतही होता.

सातबाऱ्यावर नाव लावायचंय, रेशनकार्ड फोडायचंय, वस्तीपाशी एसटी थांबवायचीय, काहीही असो, माणूस आधी बापूंकडे यायचा. यायचा आणि आजोबापासून सुरुवात करायचा. बापू तंबाखू मळत सगळं ऐकून घ्यायचे. भाऊबंदकी, शिव्या, देवाची आण, कुणाच्या म्हशीने काय खाल्लं, सगळं. मग तंबाखू तोंडात टाकून म्हणायचे, "बरं. म्हंजी बांध." आणि खडखड खडखड अर्ज सुरू. अर्ध्या पानात तीन पिढ्या बसवायचे. त्या आवाजाची लोकांना इतकी सवय झाली होती, की टाइपरायटर थांबला की कचेरीतला शिपाईसुद्धा बाहेर डोकावून बघायचा, बापू चहाला गेले की काय म्हणून.

बापूंचं नाव होतं ते मात्र जोडपत्रांसाठी. "अर्ज काय, कुनीबी लिवंल," ते म्हणायचे. "अर्ज उभा ऱ्हातो त्यो मागच्या कागदांवर." त्यांनी टाचलेल्या अर्जाला कागद कमी पडला म्हणून तो परत आला, असं कधी घडलं नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवायच्या भानगडीतही पडत नसत.

हे शिक्षण त्यांना आनंदरावांकडून मिळालेलं. आनंदराव हे त्यांच्या आधीचे अर्जनवीस. मिसरूड फुटलेल्या हनुमंताला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दोन गोष्टींना हात लावायचा न्हाई. एक गिऱ्हाइकाचा अंगठा, दुसरी गिऱ्हाइकाची पिशवी. अंगठा त्याचा त्यानं उठवायचा, कागद त्याचा त्यानं काढायचा. आपन नुस्तं मागायचं."

बापूंनी हे आयुष्यभर पाळलं. म्हातारी माणसं खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि कागद शोधायची. आधी पानाची चंची निघायची. मग जुनी तिकिटं, अंगाऱ्याची पुडी, मूठभर वालाचं बी, नातवाचं जावळ. प्रत्येक वस्तूची काहीतरी कथा असायची आणि ती सांगितल्याशिवाय पुढची वस्तू बाहेर येत नसे. मागची रांग कुरकुरायची. "बापू, काढा की तुमीच!" बापू हलायचे नाहीत. "त्येंची पिशवी हाय. निगंल तवा निगंल." तेवढा वेळ दुपारला होता तेव्हा. आता तो कुठे गेला कोण जाणे. बापूंना त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर टाइपरायटर नव्हे, त्या उघडणाऱ्या पिशव्या.

मग कचेरीत कॉम्प्युटर आले, अर्ज ऑनलाइन झाले, झाड गेलं. टाइपरायटर जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. बापूंची सून दिपाली आंबवड्याची, शिकलेली. तिने बाजारात एक गाळा घेऊन ऑनलाइन सेंटर सुरू केलं. तिचा नवरा मानसिंग टेम्पो चालवतो, त्यामुळे दिवसभर सेंटरात दिपाली एकटीच. सासऱ्यांना घरी बसवत नव्हतं आणि सेंटरात रमवत नव्हतं. ते कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळ्या कारभाराकडे नाक मुरडून बघायचे.

"टाचनी न्हाई, शिक्का न्हाई, आन म्हनं अर्ज गेला. कुटं गेला?"

"सर्व्हरवर गेला, मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"जाईना का. माझं काय जातंय."

असे काही महिने गेले. एके दिवशी दिपाली कुणाचा तरी दाखला जोडत होती. तिने "फाइल निवडा" या बटणावर टिचकी मारली आणि पडद्यावर एक चौकट उघडून सगळं जिथल्या तिथे थांबलं.

"आता का थांबलंय ह्ये?" बापूंनी विचारलं.

"मी कागद निवडायची वाट बघतंय, मामा. समोरची वेबसाइट नुसती मागू शकते. आपल्या कॉम्प्युटरमधला कागद ती आपणहून उचलू शकत नाही. ब्राउझर तिला हातच घालू देत नाही. कुठला द्यायचा ते माणसानंच दाखवायचं."

बापू खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती चौकट नीट बघितली. "म्हंजी ह्ये बी पिशवीत हात घालत न्हाई?"

"नाही घालत."

बापूंना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा मागवला. आनंदराव जाऊन किती वर्षं झाली, आणि त्यांची रीत कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून या यंत्राला शिकवली होती! त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. बापू माउस धरायला शिकले, कागद स्कॅन करायला शिकले, फोटो ठरलेल्या मापाच्या आत बसेल इतका लहान करायलाही शिकले. दिपाली रोज संध्याकाळी सेंटर बंद करताना लोकांचे स्कॅन केलेले कागद पुसून टाकायची. लोकांचं लोकांकडे, उगाच आपल्याकडे नको. हेही बापूंना फार पटलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्यांनी आपल्याकडे घेतलं. पुन्हा पिशव्या उघडू लागल्या, पुन्हा अंगाऱ्याच्या पुड्या निघू लागल्या.

अशातच ठकुबाई आली. ठकुबाई डोंगरावरच्या धनगर वस्तीतली. तिची सगळी कामं बापूंनीच केलेली, अगदी नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यापासून. सोबत तिची नात होती, सुलक्षणा. मुलगा आणि सून सारोळ्याला हायवेवरच्या हॉटेलात कामाला, एका खोलीत धाकट्या दोन पोरांसह राहत. सुलक्षणा मात्र दूध सुटल्यापासून आजीकडे. शेरडांबरोबर वाढलेली ही पोर डोंगर उतरून शाळेला यायची, आणि दहावीला तिने असे गुण मिळवले, की वस्तीवर कुणाला किती आनंद करावा तेच कळेना. तिला सायन्सला जायचं होतं. ते रोज ये-जा करून जमणार नव्हतं. भोरमधल्या एका खासगी संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच शिक्षण, नाहीतर सारोळ्याच्या हॉटेलात आईच्या हाताखाली. ठकुबाई हे सांगताना नातीकडे बघत नव्हती, पिशवीची गाठ सोडत होती.

नेमकी त्या दिवशी दिपाली माहेरी लग्नाला गेलेली. "आमी हाओत की," बापू म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

ठकुबाईने तिच्या हाताने एकेक कागद काढून दिला. गुणपत्रक, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो. बापूंनी ते स्कॅन केले, फॉर्म भरला, चारही कागद आपापल्या रकान्यात जोडले आणि बटण दाबलं. थोडा वेळ गोल फिरलं आणि फॉर्म परत आला. वर लाल अक्षरात लिहिलं होतं, की फोटोचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे.

बापूंना हे नवीन नव्हतं. त्रुटी म्हणजे त्यांच्या घरची. उभं आयुष्य कचेरीत त्रुटी काढण्यात आणि भागवण्यात गेलेलं. तिथली रीत अशी, की त्रुटी लागली की अर्ज तेवढा परत यायचा. जोडपत्रं आवक कारकुनाकडेच टाचून राहायची. चूक तेवढी दुरुस्त करून अर्ज पुन्हा द्यायचा. जोडपत्रं दुसऱ्यांदा नेली तर कारकून खेकसायचा, "दोनदा कशाला? रद्दी वाढवता काय?" बापूंनी पडद्यावर बघितलं. नाव जसंच्या तसं होतं, गाव होतं, गुण होते. कागदांचे रकाने तेवढे रिकामे. म्हणजे कागद आत पोचले, ठेवून घेतले. त्यांनी फोटो लहान केला, तेवढाच जोडला आणि बटण दाबलं. बाकीचे कागद सक्तीचे आहेत असं त्या फॉर्मने कुठे म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्यानेही मुकाट्याने अर्ज घेतला. नंबर आला. पावती छापून निघाली. ठकुबाईने ती कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली. दोन दिवसांनी कुणाच्या तरी हाती बापूंना द्रोणभर करवंदं आली.

आठवडा झाला असेल. दिपाली सकाळी सहज सगळ्यांच्या अर्जांचं काय झालं ते बघत होती. एकदम थांबली.

"मामा, सुलक्षणाच्या अर्जाला कागद नाही जोडले का?"

"जोडलं की! चारीच्या चारी."

"अपूर्ण आलाय. फक्त फोटो आहे. आज पाचपर्यंत कागद दिले नाहीत तर अर्ज रद्द."

 बापूंनी त्या दिवशी काय काय केलं ते एकेक सांगितलं. फोटोची त्रुटी, परत आलेला फॉर्म, पुन्हा जोडलेला फोटो. दिपालीला तिथेच उलगडा झाला, पण सांगताना तिला जड गेलं.

"फॉर्म परत आला की आपण लिहिलेलं राहतं, मामा, पण जोडलेले कागद सुटतात. ते प्रत्येक वेळी नव्यानं जोडावे लागतात. ब्राउझर मुद्दामच तसं करतो. वेबसाइटला तो रकाना आपला आपण भरता आला, तर कुणीही भामटा त्यात आपल्या कागदाचं नाव लिहील आणि न विचारता घेऊन जाईल. म्हणून तो रकाना माणसाशिवाय कुणाला भरू देत नाही."

 ज्या गोष्टीचं बापूंनी गावभर कौतुक केलं होतं, तीच नडली होती. यंत्र आपल्या रीतीला पक्कं होतं. चुकलं कोण, तर जोडपत्रांचे बापू. हे त्यांना फार लागलं. आणि त्याहून जास्त लागली ती पोर.

स्कॅन केलेले कागद दिपालीच्या शिरस्त्याप्रमाणे बापूंनीच त्या संध्याकाळी पुसून टाकलेले. वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. सुलक्षणा सारोळ्याला आईकडे गेलेली. मानसिंगचा टेम्पो पुण्यात. दिपाली निघायला उठली, तर बापूंनी चपला घातल्यासुद्धा.

"मामा, चढ आहे."

"चूक माजी हाय. पाय बी माजंच जातील."

दुधाच्या टेम्पोने त्यांना पायथ्याशी सोडलं. पुढे वाट. एके काळी जनावरांचे पंचनामे लिहायला ते ही वाट गाणं म्हणत चढायचे. आता प्रत्येक वळणावर बसावं लागत होतं. धुकं उतरलेलं. तोरणा कुठे आहे तेही दिसत नव्हतं. वस्तीवर पोचले तेव्हा बापूंचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

ठकुबाईच्या दाराला नुसती कडी. आत कुणी नाही. बापूंनी अंगणात उभं राहून हाक मारली, "ठकुबाई!" धुक्यात हाक विरून गेली. शेरडं घेऊन वरच्या माळावर गेली असणार. त्यांनी थोडा दम खाल्ला आणि पुन्हा हाक दिली. कुणाचीच ओ नाही. शेजारची दोन्ही घरं बंद.

खाली जायला दुपारची एसटी होती. ती चुकली तर पाचच्या आत वेल्हं गाठणं अशक्य. बापूंनी कडी काढून आत डोकावलं. समोरच खुंटीला ती पिशवी लटकत होती.

ते आत गेले. पिशवी खुंटीवरून काढली. आतले कागद बोटांना लागत होते. बाहेरूनच त्यांना कळत होतं, हे जाड गुणपत्रक, ही घडी रहिवासी दाखल्याची. गाठ सैलच होती. बापूंनी पिशवी परत खुंटीला अडकवली आणि बाहेर आले. पुन्हा आत गेले. जेवढा राग त्यांना कधी कुणाचा आला नव्हता, तेवढा त्यांना त्या क्षणी स्वतःचा आला. आपल्या चुकीपायी एक पोर हॉटेलातली भांडी घासणार आणि आपण इथे रीत सांभाळत बसणार? चुलीत गेली रीत! त्यांनी पिशवी पुन्हा काढली. गाठीला हात घातला. पण तरी पाय दाराशी आले, आणि उरलासुरला सगळा जीव गोळा करून त्यांनी एक शेवटची हाक मारली. तिच्या अर्ध्यात आवाज फाटला, खोकल्याची उबळ आली आणि ते उंबऱ्यावरच बसले.

"आले! आले वं बापू!" माळावरून ओ आली.

ठकुबाई पळतच उतरली. बापूंनी पिशवी तिच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगितलं. अर्ज परत आलाय, चूक माझी आहे, कागद घ्या आणि चला. तिने तांब्याभर पाणी तेवढं त्यांना दिलं, पदर खोचला आणि पुढे चालू लागली. एसटी वळणावर दिसली तेव्हा ते दोघं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होते. ठकुबाईने काठी उंचावून असा काही आरडाओरडा केला, की ड्रायव्हरने पुढच्या दगडापाशीच गाडी थांबवली.

सेंटरात दिपाली तयारीत होती. कागद स्कॅन झाले. बापूंनी ठकुबाईला कॉम्प्युटरसमोर बसवलं, माउस तिच्या हाताखाली दिला आणि कुठला कागद कुठे ते सांगत गेले. तिने एकेक निवडला. शेवटचं बटण दाबताना तिचा हात थांबला. "दाबू?" तिने विचारलं. "दाबा," बापू म्हणाले. गोल फिरलं, हिरवी ओळ आली. दिपालीने तीन तीनदा तपासलं. चारही कागद पोचले होते.

सुलक्षणाला जागा मिळाली. भोरला जायच्या दिवशी तिचे आईबापही सारोळ्याहून आले होते, तिला पोचवायला. वेल्ह्याच्या स्टँडवर नवी बॅग, नवी बादली, आजीने दिलेला तुपाचा डबा. पोरीने बापूंच्या पाया पडून घेतलं. आजीच्या गळ्यात पडली तेव्हा मात्र कंडक्टरने दोनदा घंटी मारली तरी सुटेना. शेवटी गाडी हलली. खिडकीतला हात नसरापूरच्या रस्त्याला दिसेनासा झाला, तरी ठकुबाई तिथेच उभी.

बापू म्हणाले, "बसा जरा. च्या घेऊ."

दोघं बाकड्यावर बसली. चहा आला. ठकुबाईने कप नुसता हातात धरला.

"बापू, त्या दिशी तुमची पयलीच हाक म्या आयकली हुती."

बापूंनी तिच्याकडे बघितलं.

"दुसरी बी आयकली. वळखलं म्या, अर्जाचंच कायतरी आसनार. त्याबिगर तुमी कशाला वर येताय? म्हनलं, गप बसावं. तुमी खाली जाईस्तवर गप बसलं की झालं. कुनाला कळतंय? पोरगी कुटं जात न्हाई मंग. तिच्याबिगर त्या घरात मला रात काडवत न्हाई वं, ती एवढीशी हुती तवापास्नं. सारोळ्याला चार दीस गेली तरी घर खायाला उठतंय." ती थांबली. "धोंड्यामागं बसले हुते म्या, त्वांडावर पदर दाबून. शेरडू बोलंल म्हून त्याचं बी त्वांड धरलं हुतं."

 हजारो अर्ज लिहिले, पण असलं काही बापूंना कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग तुमी तिसरी हाक मारली. आवाज फाटला तुमचा." ठकुबाईने कप बाकड्यावर ठेवला. "लई वंगाळ बाई हाय का वं मी, बापू?"

"ओ दिलीत न्हवं," बापू म्हणाले.

"दिली की," ठकुबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.